सायकलवाटेतले खुंट

पंचवीस मे, रविवार, नवतपाचा पहिला दिवस. वेळ सकाळची, ऊन तापायच्या आधीची. जागा कॅम्प-एकच्या बाजारासमोरची सायकलवाट. हजर: मी, वस्ती समितीची चिटणीस, माझी धाकटी जाऊ शकू, मुन्ना गॅसकटर, हातगाडीवर सिलिंडर घेऊन आलेला त्याचा मेहुणा, आणि सरकारी ओव्हरसियर, ज्यांनी आल्याआल्या सावली शोधून तिथं खुर्ची मागवली. गैरहजर: माझा दीर मधू, शकूचा नवरा. निरोप दिला होता, मिळाल्याचं त्यानं सांगितलंही होतं. काम: वाटेत चार बोटं वर राहिलेले लोखंडी खुंट कापून जमिनीसपाट करणे. कशासाठी: शकूला पहाटेच्या शिफ्टला याच वाटेनं सायकल न्यावी लागते, आणि तिच्या उजव्या पोटरीत पुन्हा फाटायला आता फारसं मांस उरलेलं नाही.

सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नऊ दिवस तो माणसांवर राग काढतो, असं माझी भंडाऱ्याची सासू म्हणायची. भिलाईत हा राग नीट कळतो. इथलं ऊन वरून पडत नाही. ते पाठीमागून येतं, मानेला धरतं आणि समोरच्या भिंतीवर नेऊन आपटतं. सायकलच्या मुठीचं रबर तळहाताला चिकटतं. सीटवर ओलं फडकं टाकल्याशिवाय बसता येत नाही. डांबर इतकं मऊ होतं की उभ्या केलेल्या सायकलचं स्टँड हळूहळू आत जातं आणि सायकल दमलेल्या जनावरासारखी एका अंगावर कलंडते. माणसं गमछ्यानं तोंड बांधतात, खिशात कांदा ठेवतात, सकाळी बासी खाऊन निघतात: रात्रीचा भात, पाणी, मीठ, कांदा. तोंडं बांधलेल्या, लाल डोळ्यांच्या त्या रांगा पाहिल्या की कुठं तरी दरोडा घालायला निघालेत असं वाटतं. निघालेले असतात ते कँटीनची भांडी घासायला, विटा वाहायला, गेटवर उभं राहायला.

दरवर्षी नवतपा लागला की तो एक उन्हाळा परत येतो. मी कामाची बाई आहे, आठवणींसाठी बसून राहणं मला जमत नाही. पण ऊन विचारून येत नाही, तशा त्याही येत नाहीत.

रस्ता आधी सांगते. आमच्या वैशाली नगरातून निघतो, कॅम्प-एकच्या बाजाराला खेटून जातो आणि मोठ्या रस्त्याला मिळतो. एका बाजूला दुकानं, त्यांच्या पुढे आलेली छपरं, छपरांपुढे ठेले, ठेल्यांपुढे गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली. दुसऱ्या बाजूला सळया भरलेले ट्रेलर. मधे जी पट्टी उरते ती सायकलींची. त्या पट्टीत उजवीकडून ट्रेलरचा गरम श्वास गालाला लागतो आणि डावीकडून एखादा मोटारसायकलवाला न बघता पाय खाली टाकतो. शकू म्हणायची, “ताई, ह्या रस्त्यानं जातानी मी देवाचं नाव नाही घेत. देवाचं नाव घ्याले एक हात सोडा लागते.”

त्या वर्षी मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, अजून उन्हाला धार यायची होती तेव्हा, बिसाहू गेला. बिसाहू ठेक्यावरचा मजूर, जुनवानीच्या पलीकडच्या गावातून यायचा. शकूची आणि त्याची वेळ एकच. रोज एका ठरावीक लिंबाखाली तो तिला विचारायचा, “बासी खा डारे का, दीदी?” आणि ती म्हणायची, “हाव बाप्पा, तुझ्याच घरची खाल्ली.” एवढीच त्यांची ओळख. त्या सकाळी शकू त्याच्या मागं दोन सायकली सोडून होती. ट्रेलर वळला. वळताना सळयांची टोकं बाहेर झुलतात; टोकांना बांधलेलं लाल फडकं तेवढ्यापुरतं हवेत पसरतं. बिसाहू खाली पडायच्या आधी सायकलच त्याच्याखालून पुढे निघून गेली. तशीच सरळ, कुणी चालवत असल्यासारखी गेली आणि भाजीच्या हातगाडीला धडकून थांबली. त्याचा डबा उघडला. डांबरावर पांढरा भात, पाणी, कांद्याच्या फोडी. त्याच्या मानेकडे मी पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही. मी समितीची चिटणीस, मला बोलावलं होतं, मी पाहिलं.

नंतरचं सगळं फार वेगानं झालं. ड्रायव्हरला केबिनमधून ओढलं. आधी थपडा, मग लाथा, मग कुणाच्या तरी हातात अर्धी वीट. जमावाला तोंड नसतं असं लोक म्हणतात. मला तर सगळी तोंडं ओळखीची दिसली. दूधवाला, रेशन दुकानाचा माणूस, रविवारी भजनाला पेटी वाजवणारे काका. मधू रात्रपाळीहून परतत होता. पोलाद कारखान्यात क्रेन चालवतो, आवाज मोठा करायची सवय नाही. त्यानं सायकल टाकली, गर्दीत शिरला आणि सरळ ड्रायव्हरच्या अंगावर आडवा झाला. “मारू नोका बे! मानूस आहे तो!” वीट मधूच्या खांद्यावर बसली. हाडाचा आवाज मी इतक्या लांबून ऐकला. ड्रायव्हर त्याच्याखाली लहान मुलासारखा मुटकुळं करून रडत होता. त्या दिवशी तो जगला तो मधूमुळं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं मधूबद्दल जे लिहायचं आहे ते एकटं वाचलं तर खोटं वाटेल.

मग टायर जाळले, चक्काजाम झाला. बिसाहूला रस्त्यातच ठेवलं, पांढऱ्या चादरीखाली. उसाच्या रसवाल्यानं बर्फाच्या लाद्या दिल्या. दिवसभर वाटाघाटी चालल्या आणि बर्फाचं पाणी साहेबांच्या बुटांखालून नालीत जात राहिलं. दोन्हीकडे ट्रेलरांच्या रांगा, हॉर्न, रबराचा काळा धूर, बायकांचा आक्रोश, आणि मधेच कुणी तरी पाण्याचे पाऊच वाटतंय. संध्याकाळी कागदावर सही झाली: सायकलींसाठी वेगळी, आडोसा असलेली वाट करून देऊ.

आमच्या भागात गतिरोधकांना माणसांची नावं आहेत. शाळेजवळचा मीनाचा ब्रेकर, दवाखान्यासमोरचा रामजी बाबांचा. नवा माणूस विचारतो, हे कुणी बांधले? बांधले कुणीही असोत, मिळवले त्यांनी. ज्याचा जीव गेला त्याच्या नावानं तो उंचवटा ओळखायचा, ही आमच्याकडची रीत आहे. मुलंसुद्धा बोलून जातात, “मीनाच्या अलीकडं पंक्चर झाली.” मीना कोण, हे त्यांना माहीत नसतं. शहरं नकाशावर आखतात असं मी वाचलं आहे. आमचं शहर रस्त्यावर खडूनं आखलं जातं, पंचनाम्याच्या खडूनं, आणि त्या रेषा पुसायच्या आत जे मागून घेतलं तेवढंच मिळतं.

म्हणून आम्ही घाई केली. समितीची बैठक माझ्याच अंगणात. ठेकेदाराकडून एक तरुण इंजिनियर बाई आल्या होत्या, उन्हानं सोललेलं नाक, हातात आराखडा. त्या म्हणाल्या, सिमेंटचे गुडघाभर ठोकळे ठेवू, मधे पाण्याला वाट सोडू, जड असतात, कुणी हलवत नाही. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आतच हशा पिकला. आमच्या गल्लीतले रिटायर फोरमन काका खुर्चीतून अर्धे उठले. “म्याडम, भिलाईत येऊन सिमेंट विकून राहिल्या का तुमी? इथं लेकराले दुधासंगं लोखंड पाजतेत!” टाळ्या. लोखंडाच्या पाइपाचे खांब, जाड, पिवळे-काळे, हाताच्या अंतरावर, असा ठराव सगळ्यांनी एकमतानं केला. बाईंनी एकदाच विचारलं, “चोरीला गेले तर?” काका म्हणाले, “आमच्या इथं लोखंडाले कोन हात लावन?” खरं तर लोखंडाला हात कसा लावायचा हे आख्ख्या हिंदुस्थानात आमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. आमच्या प्रत्येक गल्लीत एक गॅसकटर राहतो. घराघरांत एक तरी माणूस असा आहे की ज्याला पोलाद लोण्यासारखं कापता येतं. एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आली नाही. अभिमान असला की माणूस स्वतःच्या गल्लीत कोण राहतं हे विसरतो.

खांबांसाठी खड्डे खणायला लागले आणि बाजार उठला. दुकानदारांचं म्हणणं सरळ होतं: गिऱ्हाइकाची गाडी दारात लागली नाही तर गिऱ्हाईक येत नाही. पहिल्या दिवशी शिव्या. दुसऱ्या दिवशी खणलेले खड्डे परत भरलेले. तिसऱ्या दिवशी सब्बल म्हणजे पहारी घेऊन चारपाच जण आले आणि मजुराच्या हातातलं फावडं हिसकून त्याच्याच पायावर मारलं. समोसेवाल्यानं चहाचं उकळतं भांडं आमच्या दिशेनं भिरकावलं. माझ्या डाव्या हातावर त्याचा नकाशा अजून आहे. घाम आला की तो भाग वेगळा चमकतो. मी त्याला म्हटलं, “भैया, चाय में शक्कर कम थी.” तो क्षणभर गडबडला आणि तेवढ्यात बायकांनी त्याला घेरलं. कँटीनच्या, बांधकामाच्या, झाडूवाल्या, सगळ्या शिफ्टच्या बायका. एकीनं त्याच्या ठेल्याचं चाक काढून डोक्यावर घेतलं आणि ती चालू लागली. तो तिच्या मागं धावला. त्या धावण्यात त्या दिवसाचं भांडण संपलं.

खांबांच्या बुडाचं सिमेंट घट्ट होईपर्यंत पहारा लागला. बायका कामावर जाता-येताना सायकली आडव्या लावून खड्ड्यांभोवती उभ्या राहत आणि स्वतःच्या बाटलीतलं अर्धं पाणी खांबांच्या बुडाशी ओतत. ऊन इतकं की पाणी टाकलं की सिमेंट फुसकन श्वास टाकायचं. “पी बाप्पा, पी,” शकू खांबाला म्हणायची, “तुले बी उन्हाया लागून राहिला.”

आणि मग थोडेच दिवस, पण ते दिवस झाले. त्याबद्दल न लिहिणं अप्रामाणिक होईल. खांबांच्या आतून सायकली जात होत्या. डाव्या बाजूला नाली, उजव्या बाजूला पिवळी-काळी रांग, तिच्यापलीकडे ट्रेलर. तोच आवाज, तोच गरम श्वास, पण पिंजऱ्याबाहेरच्या वाघाचा. एका मैत्रिणीच्या मागं दुसरी, बोलत, गमछा सोडून, पहाटेच्या गार हवेत. शकू विनाकारण घंटी वाजवायची. मागून कुणी तरी ओरडायचं, “ओ महारानी, समोर कोनी नाही!” ती म्हणायची, “म्हणूनच त वाजवून राहिली!” मी त्या वाटेनं स्वतः गेले. पाठ सरळ ठेवून. भीतीनं माझे खांदे इतकी वर्षं कानापर्यंत चढलेले होते, हे ते खाली उतरले तेव्हा समजलं.

नवतपाच्या आदल्या रात्री बाजारासमोरचे खांब कापले गेले. कापणारा वाकबगार होता. आग जमिनीपर्यंत नेली तर सिमेंट तडतडून फुटतं, तुकडे तोंडावर उडतात, आवाज होतो. म्हणून चार बोटं सोडून कापलं. खाली उरले खुंट, कापलेल्या कडेला वितळून थिजलेल्या लोखंडाचे दात. पहाटेच्या अंधुक उजेडात शकूनं घंटी वाजवली आणि रोजच्या विश्वासानं ती आत शिरली. पुढचं चाक खुंटाला लागलं. ती उजवीकडे पडली आणि दुसऱ्या खुंटानं तिची पोटरी गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत उघडली. दवाखान्यात ती मला सांगत होती, “ताई, मले वाटलं कुत्रं चावलं. मागं वळून कुत्रं पायलं मी. मंग खाली पायलं त चप्पल भरली होती.”

मधूनं तिला हातांवर उचलून आणलं होतं. त्याचा सदरा छातीपासून खाली रक्तानं कडक झाला होता. डॉक्टर आत घेऊन गेले तेव्हा तो म्हणाला, “वैनी, कागदं घरी राहिले. आणतो.” मीही निघाले त्याच्यासोबत, रिक्षानं. बाजाराजवळ गर्दी. भंगारवाल्याच्या शेडमागं पिवळ्या-काळ्या पाइपांचा ढीग सापडला होता आणि त्या ढिगाजवळ मुन्ना सापडला होता.

मुन्नाला आम्ही सगळे ओळखत होतो. ठेक्याचं काम सुटल्यापासून दारोदार फिरून कापणं-जोडणं करायचा. आमचं फाटक त्यानंच बसवलेलं. शकूच्या सायकलीचं कॅरियर त्यानंच वेल्ड केलेलं, आणि वर म्हणाला होता, “इस पर भाभी, हाथी बैठा लेना.” आता तो भिंतीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात पुढं, आणि म्हणत होता, “दीदी को लगेगा, नहीं सोचा था. नहीं सोचा था.” तेव्हा लोक फक्त थपडा मारत होते. मधू रिक्षातून उतरला. त्याच्या सदऱ्याकडे बघून गर्दीनं वाट करून दिली. मला वाटलं, तो मागच्या वेळेसारखा मधे पडेल. खरंच वाटलं. त्यानं ढिगातला एक पाइप उचलला. कुणी तरी मुन्नाचा उजवा हात ओढून दगडी ओट्यावर दाबून धरला. मधूनं एकदा मारलं. मी ओरडत होते, “मधू, सोड! मधू!” त्यानं पुन्हा मारलं, आणि पुन्हा, ज्या लयीत उखळात धान कांडतात त्या लयीत, शांत चेहऱ्यानं. मुन्ना आधी ओरडला, मग नुसताच तोंड उघडं ठेवून राहिला. मनगटाचं हाड बाहेर आलं तेव्हा गर्दीच मागं सरकली. मधूनं पाइप जागेवर, ढिगात, नीट ठेवला. मग घरी जाऊन कागद घेतले.

एकाच उन्हाळ्यात एकाच माणसानं एकाला पोटाखाली घेऊन वाचवलं आणि दुसऱ्याचा हात ठेचला. मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडून पुष्कळदा पाहिल्या आहेत. उन्हाचा दोष म्हणावा तर ऊन सगळ्यांवरच होतं. रागाचा म्हणावा तर त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ज्याचं आपलं माणूस सुरक्षित असतं त्याला दया करता येते, एवढंच मला सुचतं, आणि तेही मला आवडत नाही.

शकू शुद्धीवर आली आणि तिला कुणी तरी बातमी मोठ्या समाधानानं सांगितली. तिनं मधूकडं पाहिलं. पायाला टाके, ओठ सुकलेले. म्हणाली, “त्याचा हात कावून तोडला?”

मधू म्हणाला, “तुझा पाय पाह्य आधी.”

“पाय पायला मी. आता ते खुंट कोन कापन?”

मुन्ना त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होता.

कुणीही कापू शकत होतं, असं वाटेल. पण मामला कोर्टात गेला, चोरीचा आणि मारहाणीचा दोन्ही, आणि पंचनाम्यात खुंट आले. प्रत्येकाला लाल रंगानं नंबर पडला. निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही. वाट मात्र पुढं सरकली: शेवटी त्या इंजिनियर बाईंचेच सिमेंटचे ठोकळे आले, खुंटांपलीकडे रस्त्याच्या बाजूनं, जड, कुरूप, आणि त्यांना आजवर कुणी हलवलेलं नाही. ठोकळ्यांच्या आड, वाटेच्या मधोमध, बाजारासमोर हे खुंट तसेच राहिले. ऊन-पावसात लाल नंबर उडाले, गंज चढला, दात तेवढेच राहिले. नवख्या मुली अडखळून पडल्या. एका म्हाताऱ्याचे पुढचे दात गेले. बायकांनी खुंटांवर जुनी टायरं घातली. ती चोरीला गेली. शकूचा पाय बरा झाला म्हणजे लंगडता झाला. पायी चालणं तिला जड जातं, सायकलवर मात्र जमतं, म्हणून ती सायकल सोडू शकत नाही, आणि कँटीनही सोडू शकत नाही. बाजार आला की ती एक पाय ओढत उतरते, खुंटांमधून सायकल हातानं काढते, पुन्हा चढते. मधू लांबच्या रस्त्यानं कामाला जातो. बाजारातून त्याला जाताना मी त्यानंतर पाहिलं नाही. घरात तो बोलतो, हसतो, शकूच्या पायाला तेल लावतो. मुन्नाचं नाव निघालं की उठून अंगणातल्या झाडांना पाणी घालतो, भर दुपारीसुद्धा.

या वर्षी होळीनंतर दोन्ही बाजूंनी समझोता झाला, मामला बंद झाला, खुंट मोकळे झाले. मी लगेच कटर बघायला सुरुवात केली. शकू म्हणाली, “थांब ताई. मुन्नाले बोलवू.” मी म्हटलं, त्याचा हात काम देत नाही. ती म्हणाली, “डाव्या हातानं करून राहिला तो. मले माहीत आहे.” तिनं कधी चौकशी केली होती, मला ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघी कॅम्पात त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. “अब हाथ याद आया? जब तोड़ रहे थे, तब किसी को याद नहीं था कि घर इसी हाथ से चलता है?”

“मेरा पाँव भी तेरे आदमी ने ही फाड़ा है, भाभी,” शकू म्हणाली. “मैं हिसाब करने नहीं आई. खूँटे काटने हैं.”

आतून मुन्ना म्हणाला, “दूसरा कटर नहीं मिला?”

“दस मिले. पर आधा काम छोड़ के तू गया था. पूरा तू ही कर.”

आत भांडं आपटल्याचा आवाज, आणि मग त्याचा: “इतवार को आऊँगा. धूप से पहले.”

तर आज तो आला. आधी मेहुण्यानं छिन्नी-हातोड्यानं प्रत्येक खुंटाभोवतीचं सिमेंट फोडून खळगा केला. मग मुन्ना डाव्या हातात कापायचा गॅसचा टॉर्च घेऊन उकिडवा बसला, उजवं मनगट वाकडं, छातीशी धरलेलं. निळी ज्योत खाली गेली. लोखंड आधी लाल, मग पिवळं, मग पाण्यासारखं. ठिणग्या शकूच्या पायापर्यंत उडत होत्या आणि ती मागं सरकत नव्हती. बाजार उघडत होता. समोसेवाला कढई चढवता चढवता ओरडला, “क्या मुन्ना, इस बार दिन में काट रहा है?”

मुन्नानं मान वर न करता उत्तर दिलं, “हाँ सेठ, इस बार रसीद मिलेगी.”

लोक हसले. मलाही हसू आलं आणि मी मधेच थांबले, कारण मुन्नाचा हात ठेचला तो ओटा तिथंच, समोर होता, त्यावर आता कुणी तरी टरबुजं मांडून बसलं होतं.

एकेक खुंट गेला. शकू प्रत्येक जागेवरून बिघडलेला पाय फरफटत नेऊन बघत होती, कपडा अडकतो का. शेवटचा राहिला तो, रांग वळून नालीच्या कडेला येते तिथला, ज्यानं शकूचा पाय फाडला तो. ठोकळे यायच्या आधी कुठल्या तरी ट्रेलरनं दाबल्यानं तो नालीच्या स्लॅबवर वाकून बसला आहे. त्याला पहारेनं उचलून धरल्याशिवाय खाली आग जात नाही. टॉर्चवाल्याच्या समोर बसून कुणी तरी पहार घट्ट धरायला हवी. हात सुटला तर पहार उसळून टॉर्चवाल्याच्याच तोंडावर जाते. मेहुणा पुढं झाला. मुन्नानं त्याला हातानं मागं केलं. मी म्हटलं, “मैं पकड़ती हूँ.”

“आपने नहीं तोड़ा, दीदी,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. “जिसने तोड़ा है, उसको बोलो, पकड़े. मैं उसके हाथ के सामने मुँह रखूँगा. देखते हैं.”

ओव्हरसियर म्हणाले, “अरे, क्या नाटक है.” त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

शकूनं माझ्याकडं बघितलं. मी मधूला फोन लावला. पंख्याचा आवाज येत होता.

“वैनी, मी काय करू तिथं येऊन?”

“पहार धरायची.”

“मलेच कावून?”

“तुले माहीत आहे.”

मग तो म्हणाला, “तो समोर बसन? टॉर्च घेऊन?”

“हाव. पहार सुटली तर त्याच्या तोंडावर जाईल. म्हणूनच तुले बोलावून राहिला.”

“येतो म्हना,” मधू म्हणाला. आणि फोन तसाच चालू राहिला, पंख्यासकट, कितीतरी वेळ.

आम्ही थांबलो. ऊन ओट्यावर आलं, टरबुजांवर आलं, ओव्हरसियरांच्या खुर्चीवर आलं. ते उठून गेले. मुन्ना नालीच्या कडेला बसून राहिला, टॉर्च बंद, डोळे रस्त्याच्या त्या टोकाकडं, जिथून वैशाली नगरची माणसं येतात. अधूनमधून एखादी सायकल यायची, तो मान उचलायचा, दुसराच कुणी असायचा. शकू त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती. सिलिंडर उन्हात ठेवता येत नाही. मेहुण्यानं तो हातगाडीवर चढवला, त्यावर ओलं पोतं टाकलं आणि चुळबुळ करू लागला. शेवटी मुन्ना उठला. पहार खुंटाखाली तशीच अडकवून ठेवली. “शाम को फिर आऊँगा,” तो शकूला म्हणाला. “वो आए तो.”

हे लिहिते आहे तेव्हा दुपार आहे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मधू घरात आहे. शकू सायकलच्या चेनला तेल घालते आहे. काम बाकी: खुंट एक, नालीच्या कडेचा. उद्या तिची पहाटेची शिफ्ट आहे.